म्हातारपणाची मोजणी



गावातले एखादे जुने माणूस गेले की पारावर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतो, "पिकलं पान होतं, गळायचंच." सगळे माना डोलावतात आणि बोलणे दुसरीकडे वळते. पण त्यात एखादा चौकस पोर बसलेला असतो. तो विचारतो, "पण पान पिकतं कशानं?"

प्रश्न साधा दिसतो, पण तो साधा नाही. पाऊस ओढला तर पान वाळते, कीड लागली तर गळते, हे आपल्याला कळते. पण पाणी आहे, खत आहे, कीड नाही, तरीही पान एक दिवस पिवळे पडतेच. माणसाचेही तसेच. वेळेवर खाल्ले, रोगराई टाळली, तरी केस पांढरे व्हायचे राहत नाहीत, गुडघे कुरकुरायचे थांबत नाहीत. मग हे म्हातारपण बाहेरून येते, का आपल्या आतच कुठेतरी दडून बसलेले असते?

या प्रश्नाच्या मागे लागलेल्या एका शास्त्रज्ञाची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे. त्यांचे नाव लेनर्ड हेफ्लिक. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९२८ साली त्यांचा जन्म झाला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ९६ व्या वर्षी ते वारले. त्यांनी म्हातारपणावर औषध शोधले नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी दाखवली ती मर्यादा. पण गंमत अशी की, ज्या पेशींनी त्यांना ही मर्यादा दाखवली, त्याच पेशींनी पुढे जगभरच्या कोट्यवधी लेकरांचे रक्षण केले. हे कसे घडले ते आता क्रमाने पाहू.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. भिंत जशी विटांची, तसे शरीर पेशींचे, असे शाळेत शिकवतात. उपमा ठीक आहे, पण एक फरक ध्यानात ठेवा. वीट निर्जीव असते. पेशी जिवंत असते, ती खाते, मळ बाहेर टाकते आणि एकीच्या दोन होते. खरचटलेली कातडी चार दिवसांत भरून येते ती या दोन होण्यामुळेच. एका मोठ्या माणसाच्या अंगात अशा ३० लाख कोटींच्या वर पेशी असतात.

या पेशी शरीराबाहेर, काचेच्या बाटलीतही वाढवता येतात. त्यांना पोषक द्रव द्यायचा, अंगाइतकी ऊब द्यायची, जंतू शिरू द्यायचे नाहीत. बाटलीच्या तळावर पेशींचा पातळ थर पसरतो. थर भरला की त्या सोडवून घ्यायच्या आणि अर्ध्या अर्ध्या दोन नव्या बाटल्यांत घालायच्या. त्या पुन्हा वाढतात, पुन्हा बाटली भरते, पुन्हा वाटणी. आपल्या घरातल्या बायकांना हे सांगायला नको. कालच्या दह्यातले चमचाभर विरजण आजच्या दुधाला, आजच्यातले उद्याच्या दुधाला. सासूबाईंनी लावलेले विरजण सुनेच्या हाती येते, सुनेचे नातसुनेच्या. दूध मिळत राहिले तर विरजण थांबायचे कारणच नाही.

पेशींचेही असेच आहे, अशी शास्त्रज्ञांची पक्की समजूत होती. त्या समजुतीला कारणही तसेच मोठे होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सी कॅरेल नावाचे फ्रेंच शल्यविशारद काम करीत. १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांनी कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा एक तुकडा काचपात्रात ठेवला. त्यातून वाढलेल्या पेशी त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत ठेवल्या, आणि तेही किती वर्षे? तब्बल ३४ वर्षे! कॅरेल १९४४ साली वारले, पेशी १९४६ पर्यंत टिकल्या, आणि तेव्हा त्या मुद्दाम टाकून देण्यात आल्या. कोंबडी काही इतकी वर्षे जगत नाही. तेव्हा निष्कर्ष निघाला की, पेशी मुळात अमर आहे. म्हातारपण पेशींचे नव्हे. पुष्कळ पेशी एकत्र नांदू लागल्या की त्या गर्दीत, त्या संसारात ते कुठूनतरी येते.

हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेला. एकदा पुस्तकात छापले गेले की ते पुसणे किती कठीण, हे शिक्षक मंडळींना मी काय सांगावे! कुणाच्या बाटलीतल्या पेशी मेल्या तर तो मनाशी म्हणे, "माझंच काहीतरी चुकलं असेल. द्रव बिघडला असेल, बाटली नीट धुतली नसेल." दही नीट लागले नाही तर नवी सून स्वतःलाच बोल लावते, तसेच हे.

१९५८ साली तिशीतले हेफ्लिक फिलाडेल्फियाच्या विस्टर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. त्यांना म्हातारपणात रस नव्हता. कर्करोग विषाणूंमुळे होतो का, याचा शोध चालला होता आणि त्यासाठी त्यांना माणसाच्या निरोगी पेशी हव्या होत्या. मानवी गर्भाच्या ऊतकांतून त्यांनी एकामागून एक अशा पेशींच्या जाती वाढवायला घेतल्या. पेशी झपाट्याने वाढत. बाटलीच्या दोन, दोनाच्या चार. पण काही महिने लोटले की एकेका जातीची गती मंदावे. आधी तीन-चार दिवसांत भरणारी बाटली आठवडा घेई, मग दोन आठवडे, आणि मग पेशी दुणावायच्या थांबतच. त्या लगेच मरत नसत. जिवंत असत, पण वाढत नसत.

इथे हेफ्लिक यांनी इतरांसारखे स्वतःला बोल लावून काम सोडले नाही. त्यांनी नोंदवहीतल्या तारखा ताडून पाहिल्या. एकच द्रव, एकच हात, त्याच कपाटातली ऊब. तरी जुन्या बाटल्या थांबत होत्या आणि शेजारच्या नव्या जोमात होत्या. द्रव बिघडला असता तर नव्या पेशींनाही तो बाधायला नको का? थांबणाऱ्या बाटल्यांत सारखे असे एकच होते. त्या सगळ्यांच्या दुणावण्याच्या फेऱ्या ५० च्या आसपास आल्या होत्या.

आता दोष बाहेरचा की आतला, हे पक्के ठरवायचे होते. त्यासाठी हेफ्लिक आणि त्यांचे सहकारी पॉल मूरहेड यांनी जो प्रयोग केला, तो शाळेतल्या मुलांनाही समजावा इतका सरळ आहे. त्यांनी पुरुष जातीच्या म्हाताऱ्या पेशी घेतल्या, ४० वेळा दुणावलेल्या. स्त्री जातीच्या तरुण पेशी घेतल्या, १० वेळा दुणावलेल्या. दोन्ही सारख्या संख्येने एकाच बाटलीत मिसळल्या. पुरुषाची पेशी कोणती आणि स्त्रीची कोणती, हे त्यांच्यातल्या गुणसूत्रांवरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते, आणि मूरहेड त्यातलेच जाणकार होते. जोडीला काही म्हाताऱ्या पेशी ताडून पाहण्यासाठी वेगळ्याही ठेवल्या.

पुढे काय झाले? वेगळ्या ठेवलेल्या म्हाताऱ्या पेशी दुणावायच्या थांबल्या, तेव्हा मिसळलेली बाटली तपासली. तिच्यात सगळ्या स्त्री जातीच्याच पेशी! एकाच भांड्यात, एकाच द्रवावर वाढून म्हाताऱ्या थांबल्या होत्या आणि तरुण वाढत होत्या. द्रवात विष असते किंवा विषाणू असता, तर त्याने दोघींनाही गाठले असते. मोजणी बाहेर नव्हती, ती पेशीच्या पोटात होती.

तरी शंकेखोरांना पटेना. तेव्हा हेफ्लिक यांनी काही नामांकित शास्त्रज्ञांकडे तरुण पेशी पाठवून दिल्या आणि त्या कोणत्या सुमारास थांबतील हे आधीच सांगून ठेवले. त्या तशाच थांबल्या.

माणसाच्या पेशींच्या २५ जाती अभ्यासून दोघांनी निबंध लिहिला आणि एका मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला. तो साभार परत आला. योग्य पोषण मिळाले तर पेशी अखंड वाढतात, हे तर गेल्या अर्धशतकात सिद्ध झालेले आहे, अशा अर्थाचा शेरा त्यावर होता. अखेर १९६१ साली दुसऱ्या नियतकालिकाने तो छापला. आज त्या मर्यादेला 'हेफ्लिक मर्यादा' म्हणतात.

मग कॅरेलच्या कोंबडीचे काय? त्या पेशींना गर्भाचा अर्क खाऊ घालीत. त्या अर्कातून दरवेळी काही ताज्या पेशी पात्रात जात असाव्यात, असे पुढे हेफ्लिक यांनी सुचवले. म्हणजे जुने विरजण टिकून होते, असे नव्हे. कुणी नकळत रोज नवे दही त्यात टाकीत होते!

शिक्षक बंधुभगिनींनो, पन्नास वेळा दुणावणे म्हणजे थोडे नव्हे, हे मुलांकडून फळ्यावर करून घ्या. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असे १० वेळा केले की १,०२४ होतात. २० वेळा केले की दहा लाखांच्या वर जातात. ३० वेळा केले की शंभर कोटींच्या वर. ४० वेळा केले की एक लाख कोटींच्या वर. आणि ५० वेळा केले की सुमारे सव्वाअकरा कोटी कोटी! आपल्या अख्ख्या शरीरातल्या पेशींपेक्षाही ही संख्या कितीतरी पट मोठी आहे. या हिशेबाची आपल्याला पुढे गरज लागणार आहे.

आणखी दोन गोष्टी पुढच्या काळात कळल्या. गर्भाच्या पेशी पन्नासच्या आसपास दुणावतात, पण मोठ्या माणसाकडून घेतलेल्या पेशी त्याहून कमी वेळा. म्हणजे माणूस जगला तशी शिल्लक खर्च झाली. दुसरी गोष्ट याहून नवलाची. पेशी द्रवरूप नायट्रोजनात, शून्याखाली १९६ अंशांवर गोठवून ठेवता येतात. वीस वेळा दुणावलेल्या पेशी गोठवल्या आणि वर्षांनी जाग्या केल्या, तर त्या उरलेल्या तीसेक फेऱ्याच करतात. मधली वर्षे त्या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे पेशी दिवस मोजत नाही, ती फेऱ्या मोजते. १९७५ साली हेफ्लिक आणि त्यांचे विद्यार्थी वुडरिंग राइट यांनी म्हाताऱ्या व तरुण पेशींच्या केंद्रकांची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा ही मोजणी केंद्रकात होते असे आढळले.

पण पेशी मोजते कशी? तिच्याजवळ ना बोटे, ना पाटी.

याचे उत्तर मॉस्कोतल्या एका तरुणाला सुचले. त्याचे नाव अलेक्सी ओलोव्हनिकोव्ह. १९६६ साली हेफ्लिक यांच्या शोधाविषयीचे एक व्याख्यान ऐकून तो भुयारी रेल्वेच्या फलाटावर आला. गाडी येताना पाहून त्याच्या मनात विचार आला. पेशी दुणावण्याआधी तिच्यातल्या डी.एन.ए. च्या लांबलचक धाग्याची नक्कल होते. नक्कल करणारे यंत्र रुळावरून चालणाऱ्या गाडीसारखे या धाग्यावरून चालते. पण गाडी ज्या जागेवर उभी असते, तेवढ्या रुळाची नक्कल ती कशी करणार?

आपल्याला हे रेल्वेपेक्षा शेतात लवकर समजेल. पाभर धरून तुम्ही पेरता. तास संपत आले की बैल वळवायला जागा लागते. म्हणून बांधाजवळचा पट्टा पाभरीने पेरायचा राहतोच. आता अशी कल्पना करा की, यंदा जेवढे पेरले तेवढेच पुढच्या साली शेत धरायचे. मग दर साली शेत थोडे थोडे आखूड होणार की नाही? डी.एन.ए. च्या धाग्याचे असेच होते. दर नकलेला त्याचे टोक थोडे आखडते. ओलोव्हनिकोव्ह यांनी हे १९७१ साली मांडले. अमेरिकेत जेम्स वॉटसन यांनीही टोकाची ही अडचण १९७२ साली स्वतंत्रपणे दाखवली.

मग टोकाला असते काय? एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी डबक्यात राहणाऱ्या एका एकपेशीय जीवात १९७८ साली पाहिले, तर टोकाशी कामाचा मजकूर नव्हताच. एकच लहान तुकडा पुन्हा पुन्हा गिरवलेला होता. माणसातही तसेच आहे. या टोकांना टेलोमेर म्हणतात. वहीच्या शेवटी कोरी पाने ठेवावीत, म्हणजे फाटली तरी धडा शाबूत राहतो, तशी ही सोय. दर फेरीला थोडी कोरी पाने जातात. ती फार कमी झाली की पेशी सावध होते आणि दुणावणे बंद करते. माणसाच्या पेशी म्हाताऱ्या होताना ही टोके खरोखर आखडतात, हे १९९० साली कॅल्व्हिन हार्ले, कॅरोल ग्रायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पेशीची पाटी सापडली!

त्याआधी, १९८४ च्या नाताळच्या दिवशी, विद्यार्थिदशेत असलेल्या ग्रायडर यांना प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसली होती. आखडलेले टोक पुन्हा लांब करणारे एक विकर असते. त्याला टेलोमरेज म्हणतात. या कामाबद्दल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९८ साली तर माणसाच्या साध्या पेशींत हे विकर चालू करून दाखवण्यात आले आणि त्या पेशी हेफ्लिक मर्यादा ओलांडून पुढे वाढत राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, "मग झालं की! ते विकर गोळीतून द्या आणि माणसाला अमर करा." थांबा, इथेच खरी मेख आहे.

माणसाच्या अमर पेशी जगात आधीपासूनच आहेत. १९५१ साली बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची गरीब कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारली. तिला न विचारता घेतलेल्या तिच्या गाठीच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या थांबत नाहीत. का? तर त्या कर्करोगाच्या पेशी आहेत. दहापैकी आठ-नऊ कर्करोगांत टेलोमरेज जागे झालेले आढळते. म्हणजे जी पेशी आपली मर्यादा विसरते, ती शरीराची वैरीण होते. एखाद्या पेशीत बिघाड झाला, तर ती पन्नासाव्या फेरीच्या आत कुठेतरी थांबावी, हे शरीराच्या हिताचेच आहे. म्हातारपणाची मोजणी हा नुसता शाप नाही, बांधावरचे कुंपणही आहे.

दुसरी गोष्ट. पेशींच्या फेऱ्या संपतात म्हणून माणूस मरतो, असे मुळीच नाही. मघाचा सव्वाअकरा कोटी कोटींचा हिशेब आठवा. शिल्लक भरपूर असते. मेंदूतल्या बहुतेक पेशी तर जन्मानंतर दुणावतच नाहीत, तरी त्या म्हाताऱ्या होतात. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमेर आपल्याहून कितीतरी लांब असतात आणि तो जगतो दोन-तीन वर्षे! हेफ्लिक स्वतः हे पुन्हा पुन्हा सांगत. त्यांच्या मते म्हातारपण म्हणजे शरीरातल्या रेणूंची घडी हळूहळू विसकटत जाणे आणि दुरुस्तीला ती विसकट आवरेनाशी होणे. थांबलेल्या पेशींचा त्यात वाटा आहे. त्या अंगात साचतात आणि आसपासच्या ऊतकांना उपद्रव देतात. २०११ साली अमेरिकेत खास पैदाशीच्या उंदरांतून अशा पेशी काढून टाकल्यावर वयाबरोबर येणाऱ्या काही व्याधी लांबलेल्या दिसल्या. त्यावर काम चालू आहे. पण उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते, हे विसरू नये.

म्हणूनच, 'तारुण्य परत आणतो' म्हणून बाटल्या आणि इंजेक्शने विकणाऱ्यांवर हेफ्लिक यांचा भारी राग. २००२ साली त्यांनी एस. जे. ओल्शान्स्की आणि ब्रूस कार्न्स यांच्याबरोबर एक जाहीर निवेदन काढले. ५१ शास्त्रज्ञांचा त्याला पाठिंबा होता. म्हातारे होणे थांबवणारे किंवा उलटवणारे एकही औषध बाजारात नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आजही तसे औषध सिद्ध झालेले नाही. तेव्हा बाजाराच्या दिवशी कुणी तारुण्याची पुडी पुढे केली, किंवा भ्रमणध्वनीवर तशी जाहिरात आली, तर खिशातला हात खिशातच ठेवा.

आता मी सुरुवातीला जे म्हणालो त्याकडे येतो. या मर्त्य पेशी कामाला कशा आल्या?

विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. म्हणून विषाणूची लस करायची तर त्याला वाढवायला पेशी लागतात. पोलिओची लस त्या काळी माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशींत वाढवीत. १९६० साली आढळले की, त्या पेशींत माकडाचा एक छुपा विषाणू आहे आणि तो लसीबरोबर लोकांच्या अंगात गेला आहे. कर्करोगी अमर पेशी वापरायला कुणी धजत नव्हते. हेफ्लिक म्हणाले, माझ्या पेशी बघा. त्या माणसाच्या आहेत, निरोगी आहेत, त्यांत छुपा विषाणू नाही. आणि त्या मर्यादेला थांबतात, हाच त्यांच्या निरोगीपणाचा पुरावा आहे. १९६२ साली त्यांनी 'डब्ल्यू.आय.-३८' ही जात तयार केली आणि शेकडो कुप्या गोठवून ठेवल्या.

त्या पेशी स्वीडनमध्ये कायदेशीर गर्भपात झालेल्या एका गर्भाच्या फुफ्फुसातून आलेल्या होत्या. ज्या बाईचा तो गर्भ होता, तिची परवानगी कुणी घेतली नव्हती. आजच्या नियमांत हे बसणार नाही, आणि ही बाब झाकून ठेवणेही बरे नव्हे. पुढे या कुप्या कुणाच्या मालकीच्या, यावरून हेफ्लिक आणि अमेरिकन सरकार यांच्यात वाद पेटला. हेफ्लिक यांना स्टॅनफर्ड विद्यापीठातली जागा सोडावी लागली. १९८१ साली तडजोड झाली आणि सहा कुप्या त्यांच्याकडे राहिल्या.

त्याच काळात, १९६४-६५ साली, अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. रुबेला म्हणजे ज्याला पूर्वी जर्मन गोवर म्हणत. मुलाला झाला तर थोडा ताप, थोडे पुरळ, चार दिवसांत बरा. पण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बाईला झाला, तर पोटातल्या बाळावर घाला येतो. बाळ बहिरे जन्मते, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन जन्मते, हृदयात दोष घेऊन जन्मते. त्या एका साथीत अमेरिकेत सुमारे २०,००० बाळे अशी जन्मली. विस्टर इन्स्टिट्यूटमध्येच स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी हेफ्लिक यांच्या पेशींवर वाढवून रुबेलाचा विषाणू सौम्य केला. त्या लसीच्या वाणाचे नाव 'आर.ए. २७/३'. आज जगात रुबेलाची जी लस दिली जाते, ती बहुतेक ठिकाणी याच वाणाची.

शिक्षकांना २०१८ चा नोव्हेंबर आठवत असेल. महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ती लस द्यायची होती. पोरे रांगेत उभी, कुणी रडते आहे, कुणी दंड चोळते आहे, आणि काही पालक अफवा ऐकून दाराशी अडून बसलेले! त्या वेळी आपण त्यांना समजावले असेल, कदाचित बोलणीही खाल्ली असतील. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या त्या लसीत रुबेलाचा हाच 'आर.ए. २७/३' वाण होता आणि तो माणसाच्या अशाच, मर्यादेला थांबणाऱ्या पेशींवर वाढवलेला होता. फिलाडेल्फियातल्या त्या बाटलीचा आपल्या गावच्या शाळेच्या व्हरांड्याशी असा धागा जुळलेला आहे.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लसीतही या पेशींचा वाटा आहे. आपल्याकडे पूर्वी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस पोटात टोचीत. ती चौदा इंजेक्शने ज्यांनी घेतली, त्यांना त्यांचा ठणका अजून आठवतो. माणसाच्या पेशींवर वाढवलेली लस इराणमध्ये पिसाळलेली कुत्री व लांडगे चावलेल्या ४५ जणांना दिली आणि ते सगळे वाचले. हे १९७६ साली प्रसिद्ध झाले. पेशींवर वाढवलेल्या नव्या लसींचा रस्ता त्यामुळे खुला झाला आणि दंडात टोचायच्या थोडक्या इंजेक्शनांवर काम भागू लागले.

आता सगळा हिशेब एकत्र मांडू. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. याचा अर्थ काय? तेव्हाची माणसे बत्तिशीत म्हातारी होत नसत. तेव्हाही गावात ऐंशीचे आजोबा होतेच. पण शेजारच्याच घरात पाळणा हलायचा आणि वर्षाच्या आत थांबायचा. लेकरे जात, बाळंतिणी जात, देवी-पटकीने जाणती माणसे जात, म्हणून सरासरी खाली यायची. आपण जी वर्षे कमावली, ती म्हातारपणाच्या टोकाला जोडून कमावलेली नाहीत. ती मुख्यतः बालपणी आणि तरुणपणी होणारे मृत्यू टाळून कमावली आहेत, लसीने, शुद्ध पाण्याने, पोटभर अन्नाने, औषधोपचाराने. माणसाच्या आयुष्याची कमाल मर्यादा त्या मानाने फारशी हललेली नाही. जगातले आजवरचे सर्वांत दीर्घ नोंदलेले आयुष्य जान काल्माँ या फ्रेंच बाईंचे, १२२ वर्षांचे. त्या १९९७ साली वारल्या. त्यानंतर तेवढे वय कुणी गाठलेले नाही.

तेव्हा ज्याला आयुष्य वाढवायचे आहे, त्याने आधी आपल्या घरातल्या लहानग्याचे लसीचे कार्ड पाहावे. एखादी लस राहिली असेल तर आरोग्य उपकेंद्रात जाऊन ती पुरी करून घ्यावी. घरात म्हातारे माणूस असेल, तर त्याला तारुण्याची पुडी नको. त्याचा रक्तदाब तपासा, डोळ्यांतला मोतीबिंदू काढून आणा, पडू नये म्हणून न्हाणीघराचा ओला दगड घासून कोरडा ठेवा, आणि घटकाभर त्याच्याशी बोलत बसा. हेफ्लिक यांचेही सांगणे असे की, म्हातारपण हा रोग नाही. पण म्हातारपणी रोगांना दार उघडे सापडते, म्हणून त्या दाराशी आपण जागे राहिले पाहिजे.

पारावरच्या त्या चौकस पोराला आता आपल्याला काही उत्तर देता येईल. पान पिकते ते कुणाच्या शापाने नव्हे. माणसाच्या पेशीपेशीत मोडतोड आणि दुरुस्ती यांचा हिशेब चाललेला असतो, आणि एक दिवस दुरुस्ती मागे पडते. माणसाच्या बाबतीत या हिशेबाचे एक पान हेफ्लिक यांनी आपल्याला उघडून दाखवले. बाकीची पाने अजून वाचायची आहेत. ती वाचणारा कदाचित तुमच्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसलेला असेल. त्याने उद्या "पान पिकतं कशानं?" असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नका, एवढीच विनंती.